जुन्या फ्रेमला नवी वायर

सायकलच्या ब्रेकची वायर ज्या नळीतून जाते तिला दुकानात औटर म्हणतात. बाहेरून प्लास्टिकचं साल आणि आत स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं लोखंड. बरीच वर्षं वापरलेला औटर पक्कडीने कापला की आतून तपकिरी, चिकट पाणी येतं. गंज, कुजलेलं ग्रीस आणि खारट हवेत मुरलेला ओलावा यांचा मिळून एक वास असतो, तो साबणाने हात धुतले तरी जेवताना बोटांना येत राहतो. मला तो आजही सहन होत नाही. माझ्या सतराव्या वर्षातले दोन-अडीच महिने त्या वासाचे आहेत. घरच्या सगळ्यांना त्यातलं काही ना काही ठाऊक आहे, पण पूर्ण गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

आम्ही तमिळ मुलखात, तांबरमला राहत होतो. बाबा मूळचे मिरजेचे, रेल्वेत कारकून. बदली होऊन इकडे आले आणि इथलेच होऊन बसले. स्टेशनच्या पश्चिमेला एका दुमजली घराचा वरचा मजला आमच्याकडे भाड्याने होता. सकाळी खालून ग्राइंडरची घरघर यायची, मग स्टेशनवरच्या घोषणा, मग हवाई दलाच्या तळावरून उठणाऱ्या शिकाऊ विमानांचा आवाज. त्या सगळ्यावर आवाज चढवून आई बोलायची आणि तिला तसंच बोलायची सवय लागली होती. ज्वारीचं पीठ मनासारखं मिळत नाही, ही तिची कायमची तक्रार. इथला चोळम, म्हणजे ज्वारीच, दळून आणला तरी भाकरीला चिरा पडतात, असं ती पाहुण्यांना भाकरी मोडून दाखवायची.

खाली घरमालक राहायचे, वेंकटराव. तंजावरकडचे मराठी. त्यांच्या घरात तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वीची मराठी तमिळ सुरात बोलली जायची. आम्ही त्यांना तात्या म्हणत असू आणि गल्लीतली पोरं तमिळमधलं ‘ताता’, म्हणजे आजोबा. त्यांना दोन्ही चालायचं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी वेळाचेरीला होती. स्वतःचा सारभात स्वतः करायचे. उडदाच्या पिठाचं ताकातलं डांगर आईही करायची आणि तेही करायचे, दोन्ही घरांत नाव तेच. हे कळलं त्या दिवशी त्यांनी आमच्याकडे वाटीभर आणून दिलं होतं. आईने ते चाखलं, छान आहे म्हणाली, आणि ते जिना उतरल्यावर त्यांच्या बोलण्याची नक्कल करून मला हसवलं. मी हसले. त्या वयात आई ज्याला हसे त्याला मी हसत असे.

तात्यांनी उभा जन्म एका कारखान्यात पितळेचा डाख देण्याचं काम केलं होतं. म्हणजे दोन लोखंडी तुकड्यांच्या सांध्यात पितळ वितळवून ते जोडायचे. तरुणपणी ते सायकलच्या शर्यतीत उतरायचे. त्या दिवसांत एका फोरमनने देश सोडून जाताना त्यांना विलायती नळ्यांचा एक संच दिला होता. काम सुटल्यावर थांबून, वर्षभर खपून, त्यांनी त्या नळ्यांची फ्रेम केली. ती मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्यांच्या मागच्या खोलीत धोतराच्या तुकड्याने झाकून भिंतीला टेकवलेली होती. गडद हिरवी, दोन बोटांवर उचलावी इतकी हलकी. त्यांनी नखाने वरची दांडी वाजवून दाखवली. तिचा आवाज भांड्यासारखा बराच वेळ टिकला. माझं कॉलेज रुळांच्या पलीकडे होतं आणि बसला लोंबकळत जाताना त्यांनी मला रोज पाहिलं होतं. एके दिवशी जिन्यावर मला थांबवून ते म्हणाले की आमची गाडी उगीच उभी आहे, तू वापर. अट एकच, तिच्यावरचं काम दुसऱ्या कुणी करायचं नाही, तात्याच करतील.

चाकं, सीट, हँडल सगळं त्यांनी जपून ठेवलेलं होतं. कुजले होते ते फक्त औटर. मी स्टेशनच्या पुलाखालच्या सेल्वमकडून नवे आणले. सेल्वम हा आमच्या भागातला सायकल दुरुस्त करणारा, चाळिशीचा, तोंडात कायम विडी. तात्या रोज संध्याकाळी त्याच्याकडे चहाला बसायचे. नवे औटर आले आणि बसेनात. जुन्या फ्रेमच्या वरच्या दांडीला दोन बारीक पोकळ कान डाखून लावलेले होते. औटर येऊन कानात टेकतो, तिथे थांबतो आणि पुढे दुसऱ्या कानापर्यंत आतली वायर उघडीच जाते. मागच्या गिअरच्या वायरीसाठी खाली आणखी दोन कान होते. हे कान जुन्या, बारीक औटरच्या मापाचे. नव्या औटरला आत प्लास्टिकचं अस्तर असतं, म्हणून वायर लोण्यासारखी सरकते, पण त्यापायी तो जाडही असतो. तो कानात शिरतच नाही, नुसता तोंडाशी टेकतो, आणि ब्रेक दाबला की निसटतो.

तात्यांनी उपाय लगेच सांगितला. पितळेच्या टोप्या करायच्या. एका बाजूने इतक्या रुंद की नवा औटर आत बसावा, दुसऱ्या बाजूने नाकाडासारख्या निमुळत्या, म्हणजे नाक जुन्या कानात जाईल. कानाला हात लावायचा नाही. टोप्या चार. ते पितळेची कांडी शेगड्यात, म्हणजे लोखंडी पकडीत, आवळून कानशीने घासत बसायचे, दर पाच-दहा घासांनंतर कानात घालून पाहायचे. मोतीबिंदूमुळे दिसत कमी होतं, म्हणून डोळ्यांपेक्षा अंगठ्यानेच बघायचे. पहिल्या टोपीला त्यांना आठ दिवस लागले. मग डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख आली, मुलगी त्यांना वेळाचेरीला घेऊन गेली, आणि फ्रेम पावसापासून जपायला म्हणून ते आमच्या गच्चीवरच्या खोलीत ठेवून गेले.

त्या वेळी आमच्याकडे शेखरमामा राहत होता. आईचा धाकटा भाऊ. सिरुसेरीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागला होता आणि खोली मिळेपर्यंत पंधरा दिवसांसाठी म्हणून आला तो सात महिने राहिला. आज त्याचं वर्णन करायला बसले की माझ्या लेखणीतून घाणच बाहेर येते. तो पलंगावर बसून पायाची नखं कापायचा आणि ती चहाच्या बशीत गोळा करून बशी तिथेच ठेवायचा. दुधाच्या पातेल्याला तोंड लावून दूध प्यायचा. मोजे फ्रिजवर वाळत टाकायचा. उशीच्या अभ्र्यावर त्याच्या डोक्याच्या तेलाचा तपकिरी गोल डाग होता, तो कितीही उकळलं तरी जात नसे. पण खरं लिहायचं तर हे सगळं मला त्या वेळी दिसत असूनही घाण वाटत नव्हतं. तो देखणा होता, सगळ्यांच्या नकला करायचा, केक आणायचा, आईला हसवायचा. आई त्याच्या पुढ्यात बसून असायची. आणि माझ्याशी तो मोठ्या माणसाशी बोलावं तसं बोलायचा. त्यासाठी मी त्याची नखांची बशी रोज उचलून धुतली असती, आणि धुतही होते.

त्याने नवी गिअरची सायकल घेतली होती. ऑफिसातली दहा-बारा माणसं दर रविवारी समुद्राकाठच्या रस्त्याने महाबलीपुरमच्या बाजूला जायची. त्याने मला विचारलं की येतेस का, तुझी सायकल भारी आहे, असली जुनी फ्रेम आमच्यात कुणाकडे नाही. मला दुसरं काही सुचेना. शनिवारी दुपारी तो कुणाकडून तरी ड्रिल मशीन घेऊन आला आणि फ्रेम गच्चीवर आडवी टाकली. मी त्याला तात्यांची अट सांगितली.

“म्हातारा एका टोपीला आठ दिवस लावतो,” तो म्हणाला. “कानाचं भोक जरा मोठं केलं की औटर सरळ आत. दहा मिनिटांचं काम आहे. तुला उद्या यायचंय ना?”

मला यायचं होतं. मी गुडघ्यांत दांडी दाबून धरली आणि दोन्ही हातांनी फ्रेम पकडली. तो ड्रिल चालवायला लागला. पहिल्यांदा टोक निसटलं आणि हिरव्या रंगावर लांब ओरखडा आला. तो थांबला. थांबायची तीच वेळ होती. मी म्हटलं, “अजून जोर लाव.” हे शब्द माझे आहेत, मला नीट आठवतात. त्याने जोर लावला, टोक कानात अडकलं आणि कान अर्धा फाटून उडाला. जळक्या रंगाचा वास सुटला. मामा कपाळाला हात लावून बसला, मग म्हणाला की हरकत नाही, हल्लीच्या सायकलींत वायर दांडीच्या आतूनच नेतात, आपणही तसंच करू, उलट जास्त छान दिसेल. वरच्या दांडीला त्याने दोन भोकं पाडली, एक पुढे, एक मागे. ती नळी फार पातळ होती. ड्रिल लागताच तिच्यातून जो आवाज निघाला तो अख्ख्या गच्चीवर घुमला आणि माझ्या गुडघ्यांतून पोटात गेला. लोखंडाचा एक कुरळा कीस मामाच्या घामेजल्या अंगठ्याला चिकटला, तो त्याने दोरीवर वाळत घातलेल्या बाबांच्या पंच्याला पुसला. त्याच वेळी बाबा वाळलेले कपडे काढायला वर आले. दारात उभे राहून त्यांनी मामाकडे पाहिलं, मी गुडघ्यांत धरलेल्या फ्रेमकडे पाहिलं, आणि कपडे न काढताच खाली गेले.

भोकांच्या कडा करवतीसारख्या होत्या. मामाने औटर त्यांतून कोंबला, वायर ओवली, चाकं आणि हँडल चढवलं, ब्रेक लागला. रविवारी मी गेले. आपल्या सायकलकडे लोक पाहतात हे मला कळत होतं आणि मला त्याचं सुख होतं. चहाला थांबलो तेव्हा त्यांच्यातले एक वयस्क गृहस्थ, साठीचे असतील, फ्रेमपाशी उकिडवे बसले. सांध्यांवरून बोट फिरवून म्हणाले की हे काम कुणी मोठ्या कारागिराचं आहे. मग त्यांचं बोट भोकापाशी आलं. त्यांनी वर पाहून विचारलं, हे कुणी केलं. मामा श्वास घ्यायलाही थांबला नाही. म्हणाला, आमच्या स्टेशनजवळचा मेकॅनिक आहे एक, या लोकांना काय अक्कल असते. सगळ्यांनी माना हलवल्या. मामाने माझ्याकडे पाहून एक डोळा मिचकावला आणि मी हसले. त्या हसण्याची मला जितकी किळस आहे तितकी त्या नखांच्या बशीचीही नाही.

घरी आल्यावर त्याने भोकांभोवती लांबी, म्हणजे पुट्टी, भरली आणि काळा रंग फासला. आईने गच्चीवरचा लोखंडाचा कीस झाडून काढला होता, तिला सगळं ठाऊक होतं. तिने मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं की तात्यांनी विचारलं तर दुकानात टाकली होती म्हण. “लोखंडाचीच तर आहे,” ती म्हणाली. “सोन्याची असती तर गोष्ट वेगळी.” बाबा शेजारच्या खोलीत पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

तात्या तीन आठवड्यांनी परत आले. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात औषधाच्या थेंबांच्या बाटल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी फ्रेम खाली मागवली. चष्मा काढायला मनाई होती, म्हणून त्यांनी दांडीवरून अंगठा फिरवला. लांबीवर आला तेव्हा अंगठा थांबला, मग फाटक्या कानावर. त्यांनी काही विचारायच्या आत मामा दोन पायऱ्या उतरून पुढे झाला. हात जोडले, आवाज पाडला. म्हणाला, तात्या, माझीच चूक, हिची घाई होती म्हणून मीच सेल्वमकडे टाकली, त्याने असं करून ठेवलं, मी त्याला खूप बोललो, पण आता काय उपयोग. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. खरोखरचं पाणी. खोटं बोलताना माणसाला खरं पाणी येऊ शकतं हे मला तेव्हा कळलं. तात्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं, आणि मी होकाराची मान हलवली. ते “सेरी” म्हणाले, बरं, आणि फ्रेम उचलून आत घेऊन गेले.

त्यानंतर तात्या सेल्वमकडे चहाला जाईनासे झाले. त्याला बोलले नाहीत, भांडले नाहीत, नुसतं जाणं बंद. संध्याकाळी ते घराच्या पायरीवर एकटे बसलेले दिसायचे. मी बसनेच कॉलेजला जात होते आणि बसचा थांबा पुलापाशीच होता. एके दिवशी सेल्वमने मला हाक मारली. पान्हा हातातच होता. तो तमिळमध्ये बोलला, मी मराठीत लिहिते; ‘पापा’ तेवढं त्याचं ठेवते, म्हणजे बाळ.

“पापा, तू ती गाडी माझ्याकडे कधी आणलीस?”

मी म्हटलं, मला माहीत नाही, मामाने आणली असेल.

“त्या गाडीची नळी किती पातळ आहे ते मला ठाऊक आहे,” तो म्हणाला. “मी तिला ड्रिल लावीन? ते माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत. तू त्यांना सांग.”

तो ओरडला असता तर सोपं गेलं असतं. तो विनवत होता. बस आली, मी चढले, आणि दोन थांबे गेल्यावर कळलं की बस कॉलेजची नव्हे, पल्लावरमची आहे.

पुढे जे झालं त्याचा सायकलशी संबंध नव्हता. तात्यांच्या चुलत भावाची मुलगी मंजुळा इथे एका शाळेत विज्ञान शिकवत होती. तिचं स्थळ मामासाठी आईनेच काढलं. ज्यांच्या बोलण्याची ती नक्कल करायची त्यांची मुलगी तिला अचानक ‘कशी का असेना, मराठी’ वाटू लागली. शिवाय नोकरी होती आणि रंग उजळ होता. बघण्याचा कार्यक्रम आमच्याकडे झाला. आईने साटोऱ्या केल्या. मंजुळेचे वडील, मंजुळा, तात्या, आम्ही सगळे. मामा रंगात आला होता. बोलता बोलता त्याने सायकलची गोष्ट काढली, आणि ती आता वाढली होती. तीत सेल्वम बोबडा बोलत होता, उलटं ड्रिल धरत होता, विडीची राख दांडीत झाडत होता. मामाने त्याची नक्कल केली. मंजुळेचे वडील हसले, आई डोळे पुसेपर्यंत हसली, बाबासुद्धा हसले. मंजुळा हसली नाही. ती तात्यांकडे बघत होती. तात्या बशीतल्या साटोरीचा तुकडा मोडत होते, तो बराच वेळ मोडतच राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलेजला निघाले तेव्हा त्यांनी मला मागच्या अंगणात बोलावलं. चष्मा आता निघाला होता. त्यांचे डोळे इतके स्वच्छ मी कधी पाहिले नव्हते.

“सायकलीचें गेलें तें गेलें,” ते म्हणाले. “तें मी विचारत नाहीं. मंजुळेचा बाप मला विचारतो, पोरगा कसा. चुकला कीं तो काय करितो, हें मला कळलें पाहिजे. मी शब्द देणार, अम्मा. खरें सांग. भोक कोणीं पाडलें?”

मी सांगितलं. मामाने, गच्चीवर, ड्रिलने.

“सेल्वम?”

“सेल्वमला काहीच माहीत नाही.”

मग त्यांनी विचारलं, “एकट्यानेंच केलें?”

मी म्हटलं, “हो.”

एवढंच. तो एक शब्द उच्चारायला काही लागलं नाही. मामाला चहाच्या टपरीवर जितकं सोपं गेलं होतं तितकंच मला गेलं. तात्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांच्या हाताला पितळेचा वास येत होता.

ठरत आलेलं लग्न मोडलं. तात्यांनी आडपडदा ठेवला नाही, वर येऊन आईला कारण सांगितलं, आणि कळलं कुठून तेही लपवलं नाही. आईने माझ्यावर हात उचलला नाही. तिने दोन महिने माझ्याशी बोलणं टाकलं. पानात वाढताना ताटाकडे बघायची. बोलली ती एकदाच, “एका सायकलीपायी भावाचा संसार मोडलास.” मामा मात्र रागावला नाही. तो हसला, म्हणाला अगं पोर आहे ती, आणि महिन्याभरात कंपनीजवळ खोली घेऊन गेला. पुढल्या वर्षी कोल्हापूरची मुलगी करून तो परदेशी गेला, तिथे घर केलं, मुलं शिकली. त्याचं काही वाईट झालं नाही. रोज सकाळी कुटुंबाच्या ग्रुपवर त्याचं फुलांचं चित्र येतं, खाली खरेपणावरचं एखादं वचन असतं, आणि आई आजही त्याला हात जोडल्याची खूण पाठवते.

तात्या सेल्वमकडे गेले ते मी बसच्या थांब्यावरून पाहिलं. तो चाकाच्या तारा आवळत होता. ते त्याच्यासमोर उभे राहिले, पिशवी खाली ठेवली आणि रस्त्यावर, चार गिऱ्हाइकांदेखत, त्या विडीवाल्या माणसाला त्यांनी हात जोडले. सेल्वम घाबरून उठला आणि त्याने त्यांचे हात धरले. माझ्या बाजूला उभ्या असलेल्या बाईने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही कल्पना नाही.

मग त्यांनी फ्रेम दुरुस्त केली. सेल्वमही मदतीला यायचा. लांबी खरवडून काढली, भोकांवर पातळ पत्र्याची चकती बसवून पितळेचा डाख दिला, घासून दांडीशी सपाट केला, नवा कान केला. राहिलेल्या तीन टोप्या पूर्ण झाल्या. दिसू लागल्यामुळे आता एका टोपीला दोनच दिवस लागले. हल्ली अशा टोप्या मोबाइलवर मागवल्या की पाकिटातून घरी येतात, मी मागवून पाहिल्या आहेत. त्या बसतात, पण ब्रेक दाबला की किंचित हलतात. तात्यांच्या हलत नसत. सगळं झाल्यावर एका रविवारी सकाळी त्यांनी बाबांना आणि मला खाली बोलावलं. फ्रेम पुन्हा हिरवी होती. नवा काळा औटर त्या जुन्या कानांत असा बसला होता की तो पहिल्यापासून तिथेच असावा. त्यांनी मला ब्रेक दाबून पाहायला लावला. बोटभर जोराने मागचं चाक जागच्या जागी थांबलं.

“ही आता तुझी,” ते म्हणाले. मग बाबांकडे वळले. “तुमच्या घरांत खरें बोलणारें एक माणूस आहे. गाडी त्याला जावी.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. गच्चीच्या दारातून पाहिलं होतं तसंच. ते बोलतील असं मला वाटलं, आणि बोलू नयेत म्हणून मी मनात किती देवांना हाक मारली ते मलाच ठाऊक. बाबांनी मान खाली घातली आणि म्हणाले, हो, ती पहिल्यापासून तशीच आहे. मी तात्यांच्या पाया पडले आणि हँडल हातात घेतलं.

त्यानंतर तात्या अकरा वर्षं जगले. ती सायकल मी कॉलेजभर वापरली, नोकरीला लागल्यावरही वापरली. दर वर्षी ती त्यांच्याकडे नेऊन वायरी बदलून घेत असे, तेव्हा आम्ही दोघंच असायचो, तास दोन तास. सांगायला तेवढा वेळ पुष्कळ होता. एकदा मी सुरुवातही केली, तात्या, त्या दिवशी गच्चीवर, असं म्हणाले. त्यांनी हात हलवून मला थांबवलं आणि म्हणाले की जें झालें तें झालें, मामाविषयी आतां वाईट बोलूं नये. मी थांबले. थांबवलं म्हणून बरं वाटलं.

त्यांच्या तेराव्याला मंजुळा आली होती. नवरा बरोबर होता, दोन मुली होत्या. सेल्वम केळीची पानं पुसत होता, त्याचे केस पांढरे झाले होते. मंजुळा गर्दीतून माझ्याकडे आली आणि तिने माझे दोन्ही हात धरले. मुलींना पुढे ढकलून म्हणाली, “हीच ती. ताता सांगायचे ना, ती हीच.” मुली माझ्याकडे थोर माणसाकडे पाहावं तशा पाहत होत्या. धाकटीने वाकून माझ्या पायांना हात लावला, आणि मी तिला लावू दिला. मग मंजुळेने मला मानाने पहिल्या पंगतीत, तात्यांच्या मुलीशेजारी बसवलं. सेल्वमने पान मांडलं. मी जेवले, आणि दोनदा भात मागून घेतला.